घातांक कुठून आला? अभिक्रियेच्या दरामागची पार्श्वभूमी

दराच्या प्रकरणात बहुतेकांचे गुण एकाच सवयीपायी जातात. समीकरण बघायचं, रेणूंच्या आधीचे आकडे उचलायचे आणि दराच्या नियमात, म्हणजे दर आणि संहती (ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे) यांच्या सूत्रात, घातांक म्हणून बसवायचे. ही सवय विद्यार्थ्यांनी शोधलेली नाही. रसायनशास्त्रानेच ती एकदा शिकवली होती.

दर मोजण्याचा पहिला नीट प्रयोग 1850 चा, साखरेवरचा. आम्लात साखरेचं द्रावण ठेवलं की ती पाण्याशी अभिक्रिया करून फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. साखर ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते, फुटून झालेलं मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता नळीतून बघत बसलं तरी कोन उतरताना दिसतो, शून्यावर येतो आणि पलीकडे जातो. त्यातून निघालं ते असं की कुठल्याही क्षणी साखर फुटण्याचा दर तेव्हा उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. तीस वर्षांहून जास्त काळ या कामाकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मग नॉर्वेतले दोघे, नात्याने मेव्हणे. 1864 मध्ये त्यांनी वस्तुमान क्रियेचा नियम (दर अभिक्रियाकारकांच्या संहतीवर ठरतो, हा) मांडला तेव्हा संहतीवरचे घातांक प्रयोगाने काढायचे, असंच म्हटलं होतं. म्हणजे आज आपण जे शिकवतो तेच! 1867 मध्ये त्यांनी सोपं करून घातांक एक धरले. 1879 मध्ये रेणूंच्या टकरींचा हिशोब मांडून समीकरणातले सहगुणकच (रेणूंच्या आधीचे आकडे) घातांक केले. तीन मांडण्यांपैकी पहिलीच दराच्या बाबतीत बरोबर होती, आणि टिकली ती तिसरी.

ती टिकली, कारण समतोलासाठी, म्हणजे पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्याच दराने चालते त्या स्थितीसाठी, ती चालते. समतोल स्थिरांकात सहगुणक घातांक म्हणून येतात ते ऊर्जेच्या हिशोबामुळे; अभिक्रिया किती पायऱ्यांनी होते याच्याशी त्यांचा संबंध नाही. पण 'पुढचा दर बरोबर मागचा दर' अशी सुटसुटीत सिद्धता पुस्तकांत रुजली आणि तिच्याबरोबर सहगुणक म्हणजेच दराचे घातांक हा गैरसमजही. उत्तर बरोबर येत असल्यामुळे रीत तपासायची गरज कुणाला वाटली नाही. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत महागात पडलेली सोय आहे.

ऑर्डर (दराच्या नियमातले घातांक, त्यांची बेरीज) आणि मॉलेक्युलॅरिटी (एका पायरीत एकत्र येणाऱ्या रेणूंची संख्या) यांचा गुंता याच काळातला. एका डच शास्त्रज्ञाच्या 1884 च्या गाजलेल्या पुस्तकात अभिक्रियांची वर्गवारी एकत्र येणाऱ्या रेणूंच्या संख्येवरून केली होती. प्रयोगातून मिळणारा घातांक ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळा शब्द हवा, हे नंतर ठरलं. ऑर्डर मोजायची असते. ती शून्य, अपूर्णांक, ऋणसुद्धा येऊ शकते. मॉलेक्युलॅरिटी एका पायरीची असते आणि पूर्णांकच असते. 'एकूण अभिक्रियेची मॉलेक्युलॅरिटी किती' हा प्रश्न बहुपायरी अभिक्रियेला विचारण्यात अर्थच नाही, तरी तो विचारला जातो.

गंमत म्हणजे साखरेचा प्रयोगच यातली मेख दाखवतो. पाणीही भाग घेतं, पण एका लिटर पाण्यात ते सुमारे 55 मोल असतं; थोडं खर्च झालं तरी संहती जवळपास तीच. म्हणून ऑर्डर एक दिसते. त्याला आभासी प्रथम ऑर्डर म्हणतात. ओळखायची खूण अशी: पहिली निम्मी साखर फुटायला 20 मिनिटं लागली, तर उरलेल्यातली निम्मी फुटायलाही 20 च लागतात. एकाच अभिक्रियाकारकाची दुसऱ्या ऑर्डरची अभिक्रिया असती तर 40 लागली असती, शून्य ऑर्डरची असती तर 10.

तापमानाबरोबर दर कसा बदलतो याचं समीकरण 1889 चं, एका स्वीडिश शास्त्रज्ञाचं. त्यानेही साखरच घेतली होती. 'दहा अंशांनी दर दुप्पट' हा ठोकताळा मात्र कुठेही लावू नये. 25 वरून 35 अंशांवर जाताना दुप्पट व्हायला सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया होण्यासाठी रेणूंना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलमागे 53 किलोज्यूलच्या आसपास हवी. 100 असेल तर दर जवळजवळ पावणेचार पट होतो.

सहगुणक उचलण्याच्या सवयीला खरा दणका 1906 मध्ये बसला. हायड्रोजन आणि ब्रोमीन, समीकरणात दोन्ही एकेकच. मोजल्यावर सुरुवातीच्या दरात हायड्रोजनचा घातांक एक निघाला आणि ब्रोमीनचा अर्धा. शिवाय तयार होणारं हायड्रोजन ब्रोमाइडच अभिक्रिया मंदावत होतं. अर्धा रेणू काही टक्कर देत नाही. ब्रोमीनचे सुटे अणू साखळी (एका टप्प्यातून पुढचा टप्पा सुरू होत राहतो अशी अभिक्रिया) चालवतात हे स्पष्टीकरण 1919-20 च्या सुमारास तिघांनी स्वतंत्रपणे दिलं.

शेजारचीच हायड्रोजन-आयोडीनची अभिक्रिया मात्र शहाण्यासारखी वागली: दोन्ही घातांक एक, सहगुणकही एक. त्यामुळे दोन रेणूंची थेट टक्कर म्हणजे हीच, असं अनेक दशकं शिकवलं गेलं. 1967 च्या प्रयोगांनी ती आयोडीनच्या सुट्या अणूंमधून जाते असं दाखवलं. नेमक्या पायऱ्यांवर पुढेही वाद झाले. दराचा नियम दोन्ही चित्रांत तोच येतो, त्यामुळे नुसता दर मोजून त्यांतलं एक निवडता येत नाही.