पर्पेच्युअल की ॲन्युअल? फरक 1 मार्चला कळतो

सांगलीत हळदीच्या, द्राक्षांच्या पैशातून उंची घड्याळ घेणारी मंडळी आहेत. कुणी पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं जुनं, तारीख आपोआप बदलणारं घड्याळ घ्यायचं म्हणतो आणि बोलता बोलता ॲन्युअल कॅलेंडरलाच पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणून जातो. गल्लत साहजिक आहे. दोन्हींत वार, तारीख, महिना आणि बहुतेकदा चंद्राची कलाही दिसते. पण किमतीत मोठी तफावत असते, त्यामुळे पैसे मोजण्याआधी हा फरक समजून घ्यायलाच हवा.

तारीख दाखवणारं साधं घड्याळ प्रत्येक महिना 31 दिवसांचा धरतं, म्हणून वर्षातून पाचदा तारीख हाताने पुढे करावी लागते. ॲन्युअलला मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजणाऱ्या शाळकरी पोराइतकं कळतं: 31 चा महिना कुठला आणि कमी दिवसांचा कुठला. फेब्रुवारी मात्र त्याला नीट कळत नाही, तो बहुतेकदा 30 दिवसांचाच धरला जातो. साध्या वर्षी 1 मार्चच्या सकाळी तबकडीवर 29 तारीख असते. ती दुरुस्त केली की वर्षभर बघायला नको.

पर्पेच्युअलला फेब्रुवारीही कळतो आणि लीप वर्षही. पारंपरिक रचनेत चार वर्षांत एकच फेरा पूर्ण करणारं एक चाक असतं. त्याच्या कडेवर 48 महिन्यांचा हिशेब कोरलेला असतो. 31 च्या महिन्याला कड सपाट, 30 च्या महिन्याला उथळ खाच, 28 च्या फेब्रुवारीला सगळ्यात खोल आणि 29 च्या फेब्रुवारीला त्याहून किंचित उथळ. एका तरफेचं टोक या कडेवर टेकलेलं असतं. खाच जितकी खोल, तितकं ते आत उतरतं आणि महिनाअखेरीला तरफ तितक्या जास्त तारखा एका दमात ओलांडते. 28 फेब्रुवारीच्या मध्यरात्री काटा थेट 1 वर जातो. बॅटरी नाही, चिप नाही. पोलादावर कोरलेल्या खाचांच्या खोलीवर हे सगळं चालतं. माझ्या मते मनगटी घड्याळातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे. 2100 हे लीप वर्ष नाही, तेव्हा मात्र यालाही हात लावावा लागेल.

गंमत म्हणजे धाकटं ॲन्युअलच आहे. पाटेकने मनगटी पर्पेच्युअल 1925 सालीच केलं, ॲन्युअल मात्र 1996 मध्ये आणलं. ते पहिलं ॲन्युअल, मॉडेल 5035, स्वस्त ठेवायचं होतं, तरी त्याच्या यंत्रात तीनशेहून जास्त भाग आहेत. 1985 च्या 3940 या पर्पेच्युअलच्या यंत्रात 275. तरफांऐवजी फिरती चाकं वापरल्यामुळे भाग वाढले.

संग्राहकांचा जीव मात्र पर्पेच्युअलवर. 1941 मध्ये आलेल्या पाटेकच्या 1518 या मॉडेलमध्ये त्याला क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉचची जोड आहे. ही घड्याळं तीनशेही बनली नाहीत आणि त्यातली स्टीलची फक्त चार माहीत आहेत. त्यांतलं एक 2016 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात सुमारे 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकना गेलं.

घेताना आधी लीप वर्षाची खूण शोधा: 1 ते 4 आकड्यांची छोटी तबकडी किंवा खिडकी. 3940 मध्ये ती महिन्याच्या तबकडीतच आहे. काही घड्याळांत ती मागच्या बाजूला असते, काहींत थेट साल दिसतं, म्हणून खूण नाही दिसली तरी मॉडेल नंबर कागदांशी ताडून पाहाच.

घड्याळं आलटून-पालटून वापरणाऱ्याला मी ॲन्युअलच सुचवेन. पर्पेच्युअल कपाटात पडून बंद पडलं की वार, तारीख, महिना, चंद्र सगळं पुन्हा लावावं लागतं, आणि पुष्कळ मॉडेलांत तारीख मागे घेता येत नाही. दोन्हींपैकी कुठलंही असो, रात्री साधारण नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख लावायची कडेची बटणं दाबू नका. तेव्हा तारीख बदलणारे दाते गुंतलेले असतात, आणि एक दाता तुटला तर ते काम सांगलीच्या हरभट रोडवर होणार नाही, घड्याळ कंपनीकडेच पाठवावं लागतं.