धर्मसेवकांचे ग्रीन कार्ड (अमेरिका)

अमेरिकेतील धार्मिक संस्थेत सेवा करणाऱ्या परदेशी व्यक्तीला कायम वास्तव्याचा हक्क मिळवून देणारा कायदेशीर मार्ग. १९९० च्या इमिग्रेशन कायद्यापासून तो नोकरीवर आधारित चौथ्या वर्गात, म्हणजे ईबी-४ मध्ये मोडतो. पुजारी, पाद्री, इमाम, शीख ग्रंथी, नन या साऱ्यांचे अर्ज याच मार्गाने जातात. या जागेसाठी अमेरिकन उमेदवार मिळाला नाही, हे सिद्ध करणारे लेबर सर्टिफिकेशन इथे लागत नाही. प्रकरणे अडतात ती पगाराच्या कागदांवर आणि मुदतींच्या गणितात.

कायदा तीन प्रकार मानतो. पहिला ‘मिनिस्टर’, म्हणजे पूजाविधी चालवण्याचा रीतसर अधिकार असलेला. दुसरा व्रतस्थ, म्हणजे आजन्म दीक्षा घेतलेले संन्यासी, भिक्खू, नन. तिसरा धार्मिक व्यवसाय, म्हणजे धर्मशिक्षणासारखे मुख्यतः धार्मिक काम. हिशेबनीस, सफाई कामगार किंवा केवळ देणग्या गोळा करणारा यांत बसत नाही. हा भेद कामाच्या यादीपुरता राहत नाही. मिनिस्टर सोडून इतरांची तरतूद तात्पुरती आहे. तिला वर्षाला ५,००० व्हिसांची मर्यादा असून संसदेने मुदतवाढ दिली तरच ती चालू राहते. १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारी कामकाज ठप्प झाले तेव्हा ती काही आठवडे बंदच पडली होती. म्हणून पुजाऱ्याचा अर्ज मिनिस्टर म्हणून बसत असेल, तर तो तसाच करावा.

अर्जाआधीची सलग दोन वर्षे उमेदवार त्याच पंथाचा सदस्य असावा लागतो आणि त्याच दोन वर्षांत त्याने वयाच्या चौदाव्या वर्षानंतर धार्मिक काम केलेले असावे लागते. पुढची नोकरी आठवड्याला सरासरी किमान ३५ तासांची आणि मोबदल्याची हवी. मोबदला राहण्या-जेवण्याच्या स्वरूपात असला तरी चालतो. दोन वर्षांचे काम भारतात झालेले असले तरी ग्राह्य धरतात, पण पुरावा तेवढाच भक्कम लागतो. नाशिक किंवा आळंदीच्या वेदपाठशाळेत शिकून घरोघरी भिक्षुकी करणाऱ्या गुरुजींची अडचण इथेच होते. काम रोजचे असते, पण दक्षिणा रोख मिळते; ना पगारपत्रक, ना प्राप्तिकराचे विवरणपत्र. देवस्थान ट्रस्टच्या नोकरीत असलेल्याचे काम त्या मानाने सोपे. ट्रस्टचे नेमणूकपत्र, बँकेत जमा होणारे मानधन आणि कर भरल्याची नोंद एकमेकांशी जुळली की बरेचसे भागते. अधिकारासाठी पाठशाळेचे प्रमाणपत्र जोडतात. पंथात ठरावीक पदवीच नसेल, तर दीक्षा किंवा अधिकार कोण, कोणत्या निकषांवर देतो आणि त्याने कोणते विधी करता येतात, हे संस्थेने लिहून द्यावे लागते.

अमेरिकेत आर-१ व्हिसावर, म्हणजे धर्मसेवकांच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांची चूक वेगळीच. मंदिराच्या पगारावर असताना यजमानाच्या घरी सत्यनारायण किंवा वास्तुशांत करायची आणि दक्षिणा स्वतःच्या खिशात टाकायची, हे विनापरवाना काम ठरू शकते. दक्षिणा मंदिराच्या खात्यात जावी आणि गुरुजींना पगार मिळावा, हीच सुरक्षित पद्धत. शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर असे उल्लंघन एकूण १८० दिवसांपर्यंतचे असेल, तर ग्रीन कार्डाच्या अर्जात इमिग्रेशन कायद्याचे कलम २४५(के) धर्मसेवकांनाही त्यातून सूट देते.

अर्ज आय-३६० या फॉर्मवर होतो. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ५१५ डॉलर आहे. संस्था किंवा उमेदवार स्वतः तो करू शकतो, मात्र संस्थेचे प्रतिज्ञापूर्वक निवेदन लागतेच. त्यात सदस्यसंख्या, कर्मचारी, आधी केलेले अर्ज, कामाचे स्वरूप आणि मोबदला द्यावा लागतो. सोबत ५०१(सी)(३) करमुक्तीचे पत्र जोडतात. महाराष्ट्र मंडळासारख्या सांस्कृतिक संस्थेकडे हे पत्र असते, पण तेवढ्याने भागत नाही. आपले स्वरूप धार्मिक आहे हे तिला वेगळे सिद्ध करावे लागते. २००६ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पडताळणीत नमुन्यातील सुमारे एक तृतीयांश अर्ज बनावट निघाले. २००८ च्या नियमांनी कडक केलेली प्रत्यक्ष पाहणी त्यामुळेच आली. अधिकारी संस्थेत येऊन जागा बघतात, वेळापत्रक आणि पगार विचारतात. अर्जात पूर्णवेळ पुजारी आणि मंदिर उघडते फक्त शनिवार-रविवार, असे निघाले तर प्रश्न उभे राहतात.

आय-३६० सोबतच ग्रीन कार्डाचा आय-४८५ (फी १,४४० डॉलर) देता येत नाही. धर्मसेवकांवरची ही बंदी नवव्या सर्किट न्यायालयानेही (संघीय अपील न्यायालय) उचलून धरली. आधी आय-३६० ची मंजुरी, मग मर्यादित व्हिसांसाठीची रांग. ईबी-४ चा वाटा रोजगार-व्हिसांच्या ७.१ टक्के. २०२३ मध्ये परराष्ट्र खात्याने मध्य अमेरिकेतील तीन देशांसाठीची वेगळी रांग सर्वसाधारण रांगेत मिसळली आणि प्रतीक्षा अनेक वर्षांवर गेली. ईबी-२ (नोकरीवर आधारित दुसरा वर्ग) सारखी भारतीयांची वेगळी लांब रांग मात्र इथे नाही. आर-१ ची कमाल मुदत पाच वर्षे; ती संपली की देश सोडावाच लागतो. त्यामुळे भारतातल्या कामाचे कागद चोख असतील, तर दोन वर्षे अमेरिकेत काढण्याची वाट न पाहता आय-३६० लगेच द्यावा. केवळ तो दिला म्हणून आर-१ नाकारता येत नाही.

नोकरी बदलली की नव्या संस्थेचा नवा आय-३६० लागतो. आयटीवाल्यांना मिळणारी ‘पोर्टेबिलिटी’, म्हणजे जुन्याच अर्जावर नोकरी बदलण्याची मुभा, इथे नाही. जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले याच प्रकरणात येतात. मुलाच्या वयातून आय-३६० प्रलंबित असल्याचा काळ वजा होतो, रांगेत गेलेली वर्षे नाही.