एनएचएल समुद्रापार का खेळते?

हेलसिंकी, 1 नोव्हेंबर 2018. बर्फावरच्या हॉकीचा सामना. विनिपेग जेट्सच्या पात्रिक लाइनेने फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध स्वतःचा तिसरा गोल केला आणि प्रेक्षकांतून बर्फावर टोप्यांचा पाऊस पडला. एकाने तीन गोल केले की टोप्या फेकायच्या, ही उत्तर अमेरिकेतली रीत. फिनलंडच्या लोकांना ती कोणी शिकवावी लागली नाही. लाइने तिथून दोनेक तासांवरच्या टाम्पेरे गावचा. संघ कॅनडा-अमेरिकेतले, गुणही त्यांच्याच साखळीतले, पण कार्य मात्र घरचं होतं.

नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल परदेशात सामने नेते ते खेळाच्या प्रसारासाठी, असं तिच्याकडून नेहमी सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण गेल्या काही दशकांतली गावांची यादी पाहिली की वेगळंच दिसतं. जिथे हा खेळ रुजवायचा होता तिथले सामने बहुतेक थंडावले. जिथून खेळाडू येतात तिथे मात्र लीग पुन्हा पुन्हा गेली. (आपल्याकडे नुसतं हॉकी म्हटलं की टर्फवरची. या मुलखांत नुसतं हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि दुसरीला विशेषण लावावं लागतं.)

सुरुवात तशी जुनी आहे. 1938च्या वसंतात माँट्रियल कॅनेडियन्स आणि डेट्रॉइट रेड विंग्ज मोसम संपल्यावर युरोपला गेले आणि इंग्लंड-फ्रान्समध्ये आपसात नऊ सामने खेळले. इंग्लंडला हा खेळ नवा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी ब्रिटनने हिवाळी ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं होतं, भले त्या संघातले बरेच जण कॅनडात वाढलेले असोत. पुढे 1959मध्ये बोस्टन ब्रुइन्स आणि न्यूयॉर्क रेंजर्स सहा देशांत तब्बल 23 सामने खेळले. वीस वर्षांचा बॉबी हल त्या दौऱ्यापुरता रेंजर्सने शिकागोकडून उसना आणला होता. हे सगळे सामने हौसेचे, सर्कशीच्या खेळांसारखे. प्रेक्षक कौतुकाने पाहायचे आणि घरी जायचे. खेळाडूंत त्यांचं कोणीच नव्हतं, कारण एनएचएल तेव्हा जवळजवळ सगळी कॅनेडियन होती.

चित्र बदललं ते 1972च्या सप्टेंबरात. कॅनडाचे एनएचएलमधले व्यावसायिक खेळाडू विरुद्ध सोव्हिएत संघ, असे आठ सामने ठरले. चार कॅनडात, चार मॉस्कोत. आठच्या आठ आपण जिंकणार अशी कॅनडाची खात्री होती. 2 सप्टेंबरला माँट्रियलमध्ये सोव्हिएत संघाने 7-3 असा धुव्वा उडवला आणि खात्री विरघळली. मॉस्कोला कॅनडाचे जवळपास तीन हजार प्रेक्षक गेले. शीतयुद्धाच्या दिवसांत लुझनिकीच्या स्टेडियममध्ये त्यांचा 'दा दा कॅनडा, न्येत न्येत सोव्हिएत' हा घोष घुमत होता. तिथला बर्फही वेगळा. उत्तर अमेरिकेतलं रिंक सुमारे 26 मीटर रुंद, युरोपातलं 30. चार मीटर म्हणजे काही फार नव्हेत असं वाटेल, पण त्या जागेत पासवर पास देत राहणाऱ्या संघाला अंगावर धावून जाऊन रोखणं अवघड होऊन बसतं. अखेरच्या सामन्यात 34 सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि कॅनडाने मालिका 4-3 अशी जिंकली, एक सामना बरोबरीत. कॅनडात आजही तो गोल आपल्याकडच्या 1983च्या विश्वचषकासारखा आठवला जातो. पण हरलेल्यांच्या पदरातही काही कमी पडलं नव्हतं. जगातले सर्वोत्तम खेळाडू एकाच लीगमध्ये आहेत हा समज तिथेच मोडला.

दार लगेच उघडलं मात्र नाही. स्वीडनचा बोरिए साल्मिंग 1973मध्ये टोरंटोच्या संघात आला, आणि युरोपचे लोक मऊ असतात या टोमण्याला त्याने सोळा मोसम अंगावर घाव झेलत उत्तर दिलं. सोव्हिएत खेळाडूंना वाट पाहावी लागली ती 1989पर्यंत. त्या वर्षी मे महिन्यात अलेक्झांडर मोगिल्नी स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेनंतर मायदेशी परतलाच नाही. फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, माकारोव्ह रीतसर परवानगीने गेले. सप्टेंबरात कॅल्गरी फ्लेम्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स उलट दिशेने सोव्हिएत दौऱ्यावर आले.

यानंतर लीगने पहिले अधिकृत साखळी सामने उत्तर अमेरिकेबाहेर नेले, ते खेळाडू पुरवणाऱ्या या देशांत नव्हे, तर जपानमध्ये. 1997च्या ऑक्टोबरात टोकियोच्या योयोगी जिम्नॅशियममध्ये व्हँकुव्हर कॅनक्स आणि माइटी डक्स ऑफ अनाहाइम यांनी मोसमाची सुरुवात केली. दोघांनी एकेक सामना 3-2 असा जिंकला. हिशेब सरळ होता. चार महिन्यांवर नागानो ऑलिंपिक होतं आणि एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच त्यात उतरणार होते. शिवाय डक्सकडे पॉल कारिया होता. वडील जपानी वंशाचे, खेळ देखणा, जाहिरातीला याहून चांगला चेहरा मिळणार नव्हता. पण कारियाचा करारावरून क्लबशी वाद चाललेला, त्यामुळे तो टोकियोला आलाच नाही. नागानोच्या आधी, फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडावर काठीचा फटका बसून डोक्याला मार लागला आणि ऑलिंपिकही हुकलं. जपानने दोनदा वाट पाहिली, दोनदा पाहुणा आला नाही. 1998मध्ये टोकियोत आणि 2000मध्ये सैतामात पुन्हा सामने झाले, आणि तिथेच तो अध्याय मिटला. चीनमध्ये 2017 आणि 2018ला झालेले सामने तर मोसमापूर्व सरावाचेच होते. 2023मध्ये मेलबर्नला झाले तेही तसेच.

युरोपात पहिले साखळी सामने झाले 2007मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहात, लॉस एंजेलिस किंग्ज आणि अनाहाइम डक्स यांच्यात. त्यात प्रसारापेक्षा धंद्याची सोय जास्त होती. किंग्जचा मालक आणि सभागृह चालवणारी कंपनी एकच. पुढच्या वर्षापासून स्टॉकहोम, प्राग, हेलसिंकी ही नावं सुरू झाली आणि ती आजतागायत टिकली आहेत. याच काळात एनएचएलचे संघ युरोपातल्या क्लबांशीही खेळले. 2009च्या सप्टेंबरात झ्युरिकच्या झेडएससी लायन्सने शिकागो ब्लॅकहॉक्सना 2-1 असं हरवलं. त्याच ब्लॅकहॉक्सनी पुढल्या जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा झ्युरिककरांची कॉलर किती ताठ झाली असेल ते सांगायला नको.

2011नंतर परदेशातले साखळी सामने थांबले. 2012-13चा अर्धा मोसम मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीत गेला. 2017ला 'ग्लोबल सीरीज' नावाने पुन्हा सुरुवात झाली. आज लीगमधले चौथ्या हिश्शाहून अधिक खेळाडू युरोपातले आहेत. त्यांच्या गावच्या लोकांची अडचण घड्याळाची. टोरंटोत संध्याकाळी सात म्हणजे स्टॉकहोमला रात्रीचा एक, हेलसिंकीला दोन. ऑस्ट्रेलियातली कसोटी पाहायला पहाटे गजर लावणाऱ्यांना ही निष्ठा समजेल. वर्षानुवर्षं ज्याला अपरात्री पडद्यावर पाहिलं तो दिवसाउजेडी आपल्या शहरात येतो, तेव्हा तिकिटाचं मोल वेगळं असतं.

या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे, रशिया. इतके खेळाडू पुरवूनही तिथे एनएचएलचा एकही साखळी सामना झालेला नाही. 2008मध्ये तिथेच केएचएल ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली, आणि 2022मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर एनएचएलने रशियातले व्यवहारच स्थगित केले. त्या वर्षी प्रागला सामने होते तेव्हा रशियन खेळाडू येऊ नयेत असं चेक परराष्ट्र खात्याने कळवलं होतं.

बाकीच्यांचं माहेरपण मात्र चालू आहे. 2023च्या नोव्हेंबरात स्टॉकहोमला मिनेसोटाविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल केला तो टोरंटोच्या विल्यम नीलांडरने, म्हणजे स्वीडनच्याच खेळाडूने. वर्षभराने फ्लोरिडा पँथर्स स्टॅनली कपचे विजेते म्हणून टाम्पेरेला आले. त्यांचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह याच गावात जन्मला, याच गावच्या तप्पारा क्लबकडून खेळला. समोर डॅलस स्टार्स, आणि त्यांच्यात फिनलंडचेच हाइस्कानेन, लिंडेल, शिवाय टाम्पेरेजवळच वाढलेला रोपे हिंट्झ. पँथर्सनी दोन्ही सामने जिंकले. ओरडायचं कोणासाठी, हा पेच गावकऱ्यांनी ज्याचा त्याने सोडवला.