जुन्या इंटरकॉमवर भजनं

गणेश चवथीला गोव्यात फोंड्याकडच्या मोठ्या घरांत कोणी गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधत असतं, कोणी मागच्या स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत असतं. खोल्याखोल्यांतून तारा फिरवलेला जुना इंटरकॉम असेल, तर खिशातल्या म्युझिक प्लेयरवरची भजनं साऱ्या घराला ऐकवता येतात. मात्र प्लेयरची वायर भिंतीवरच्या स्पीकरला थेट जोडू नका.

अशा बऱ्याच इंटरकॉममध्ये भिंतीवरचा स्पीकरच माईकचंही काम करतो. आपल्या बोलण्याने त्याचा पडदा हलतो, त्याला चिकटलेली कॉइल चुंबकीय क्षेत्रात हलते आणि काही मिलिव्होल्ट वीज निर्माण होते. मला ही रचना फार देखणी वाटते. पण त्याच तारांतून उलट दिशेने अँप्लिफायरचे काही व्होल्ट येतात, ते प्लेयरच्या नाजूक सर्किटला झेपत नाहीत.

जोडणी करायची ती मुख्य सेटवर, रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेयरसाठी दिलेल्या ऑक्स इनपुटला. तिथे साधारण अर्धा व्होल्ट लागतो आणि हेडफोनच्या जॅकमधून तेवढा सहज मिळतो. माईकचंच इनपुट असेल तर आवाज फाटेल, कारण त्याला मिलिव्होल्टांची सवय.

आता दोन चॅनेलचा प्रश्न. 3.5 मिलिमीटरच्या जॅकचं टोक डावा चॅनेल, मधली कडी उजवा आणि मागचा भाग दोघांचा ग्राउंड, म्हणजे परतीची वाट. इंटरकॉम मात्र मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा. म्हणून डावी-उजवी तार नुसती पिळून एकत्र केली, तर प्लेयरमधले दोन अँप्लिफायर एकमेकांविरुद्ध जोर लावतात. प्रत्येक तारेत 1 किलोओहमचा रेझिस्टर घालायचा आणि मगच दोन्ही टोकं जोडायची. एवढ्याने हे भांडण मिटतं.

प्लेयर चार्जरला लावल्यावरच घूं-घूं ऐकू येत असेल, तर बहुधा तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा नकोसा प्रवाह. चार्जर काढा, नाहीतर मध्ये 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवा. त्यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, विजेची सलग वाट उरत नाही. प्लेयर काढूनही 100 हर्ट्झची गुणगुण चालूच असेल, तर सेटच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असण्याची शक्यता जास्त. ते काम जाणकार मेकॅनिकचं. खरखर आली तर आधी तारा आवळणारे स्क्रू पाहा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. सेटचा प्लग काढून मग तो थर खरवडून टाका.

एवढं करूनही डग्ग्याचा घुमारा येणार नाही, छोटा पडदा तेवढी हवा हलवूच शकत नाही. गायकाचा सूर मात्र हरवत नाही. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा साधारण 139 हर्ट्झचा. स्पीकरने तो गाळला तरी त्याच्या पटीतली 278, 417, 556 हर्ट्झची कंपनं पोचतात आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू मूळ सा ओळखतो. म्हणून प्लेयरवर बास वाढवू नका, उलट कमीच करा. प्लेयरचा आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवा आणि बाकीचं मुख्य सेटच्या बटणाने जुळवा.