‘गॅस झालाय’ म्हणू नका, जिना सांगा

ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, कठड्याला टेकून थोडं थांबलं की बरं वाटतं. असा माणूस संध्याकाळी नौपाड्यातल्या दवाखान्यात जातो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, गॅसचा त्रास आहे.’ श्रमाने येणारं आणि विश्रांतीने जाणारं छातीतलं दुखणं हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. गॅस हा आपण घरी काढलेला निष्कर्ष. डॉक्टरांना हवा असतो तो जिना: कधी सुरू होतं, किती वेळ टिकतं, कशाने थांबतं, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतं का. (बसल्या जागी असं आवळू लागलं आणि थांबेना, तर दवाखान्यात नंबर लावत बसू नका, १०८ला फोन करा.)

१९७५ साली ब्रिटनमध्ये ओपीडीतल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाचं ऐकूनच बरोबर निघालं होतं, अंगाला हात लावण्याआधी!

पण बोलायला मिळतं कुठे? १९८४च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांतच तोडलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत स्वतःहून थांबले. गर्दीच्या ओपीडीतही एवढं दीड मिनिट रुग्णाच्या हक्काचं आहे, असं मला मनापासून वाटतं. ते मिळेलच असं नाही, म्हणून सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. शौचावाटे रक्त पडतंय हे पुष्कळजण संकोचाने शेवटी, दाराशी उभं राहून सांगतात. तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

औषधं लपवणं तर जास्तच धोक्याचं. काढ्यातून रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या काही पेनकिलर बीपीच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतात. डॉक्टर रागावतील ही भीती खरी असते, तरी सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.

आईला घेऊन गेलात तर आधी तिला बोलू द्या, राहिलेलं तुम्ही सांगा. आणि उठण्यापूर्वी डॉक्टरांचं सांगणं तिच्याकडून एकदा म्हणून घ्या: ‘ही उपाशीपोटी, ती रात्री जेवल्यावर, बरोबर ना?’ चुकलं तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतील.