रांगेत उभं राहून दिलेलं मतही टपाली असू शकतं

२०२४ च्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दोन तास रांगेत होते, पण अर्ली व्होटिंग (आगाऊ मतदान) करून आले एकदाची!" तिने केलं ते टपाली मतदान होतं. ती स्वतः कचेरीत गेली, स्वतः रांगेत उभी राहिली, पोस्टाचा कुठेही संबंध आला नाही, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने ते मत टपालीच.

अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या मराठी बातम्यांत हा घोळ दर चार वर्षांनी होतो. मतदानाच्या दिवसाआधी पडलेलं प्रत्येक मत 'अर्ली व्होटिंग' म्हणून एकाच पोत्यात भरतात. २०२० मध्ये अशी दहा कोटींहून जास्त मतं पडली होती, म्हणून पोतंही मोठं. त्यात दोन वेगळे प्रकार आहेत, आणि निकाल काठावर असला की त्यांच्यातल्या फरकावर अख्खी रात्र फिरते.

टपाली मतदान आपल्याला नवीन नाही. सैनिकांचं मत, ८५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांचं घरी घेतलेलं मत आणि निवडणूक ड्युटीवरच्या शिक्षकांचं मत आपण पाहिलेलं आहे. ज्यांनी ही ड्युटी केली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुविधा केंद्रात जाऊन, मतपत्रिकेवर खूण करून, ती पेटीत टाकायची, आणि नाव मात्र टपाली मतदान. कारण मतपत्रिका पाकिटात असते आणि सोबत सही केलेलं घोषणापत्र असतं. मोजणीच्या वेळी आधी बाहेरचं पाकीट उघडून घोषणापत्र तपासतात. त्यात खोट निघाली तर आतलं पाकीट न उघडताच मत बाद होतं.

म्हणून कुठे, कधी, पोस्टाने की हातोहात, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. किती दिवस आधी सुरू होतं, ड्रॉप बॉक्स (भरलेलं पाकीट टाकायची पेटी) आहे का, कारण द्यावं लागतं का, हे प्रत्येक राज्यात वेगळं असतं आणि त्या त्या राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत सापडतं. विचारायचं एकच: मतावर पाकीट आहे का?

जॉर्जियात केंद्रावर जाऊन दिलेल्या आगाऊ मताला पाकीट नाही. मतदार केंद्रावर ओळखपत्र दाखवतो, पडद्यावर उमेदवार निवडतो, छापून आलेला कागद स्वतः स्कॅनरमध्ये सरकवतो. त्या क्षणी त्याचं नाव आणि त्याचं मत कायमचे वेगळे होतात. यादीत 'मतदान केले' एवढीच नोंद राहते. सही जुळते का, तारीख घातली का, हे मागाहून कोणी विचारू शकत नाही. मतदानाची वेळ संपली की यंत्रातला आकडा काढायचा, बस. यालाच मी अर्ली व्होटिंग म्हणतो, आणि हा शब्द एवढ्यासाठीच राखून ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पेनसिल्व्हेनियात २०२४ मध्ये ही सोय नव्हतीच. माझ्या बहिणीने काउंटीच्या कचेरीत अर्ज भरला. तिची ओळख तपासली, तिच्या नावाचं बारकोडचं लेबल छापून निघालं, मग मतपत्रिका आणि दोन पाकिटं हातात आली. एकेका माणसामागे हे सगळं, म्हणून ती रांग. गर्दी इतकी वाढली की ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने न्यायालयात धाव घेतली आणि बक्स काउंटीत अर्जाची मुदत २९ ऑक्टोबरऐवजी १ नोव्हेंबरपर्यंत वाढवून मिळाली. खूण केलेली मतपत्रिका आधी गोपनीयतेच्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, त्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं, मत बाद. २०२४ च्या नियमानुसार हाताने तारीख घातली नाही, तरी मत बाद. रांगेत दोन तास उभं राहिल्याने यातलं काहीही माफ होत नाही.

आता खरी गोम. पेनसिल्व्हेनियात ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ वाजण्याआधी उघडताच येत नाहीत. विस्कॉन्सिनमध्येही तसंच, तिथेही लोक कचेरीत जाऊन आगाऊ मत देतात आणि ते पाकिटातच बंद होतं. फ्लोरिडात पाकिटं भरपूर असतात, पण ती आधीपासून उघडून तयार ठेवतात, म्हणून तिथले टपाली आकडे संध्याकाळीच येतात.

आपल्याकडे टपाली मतं सकाळी ८ ला आधी हातात घेतात आणि ईव्हीएमची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते. त्यामुळे आपला मेंदू 'टपाली म्हणजे सुरुवातीचा कल' असं धरून चालतो. पेनसिल्व्हेनियात उलटं घडलं. २०२० च्या मतदानानंतरच्या सकाळी ट्रम्प तिथे सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. महामारीत डेमोक्रॅट मतदारांनी टपाल निवडलं होतं आणि ट्रम्प आपल्या लोकांना त्यावर भरवसा ठेवू नका असं सांगत होते. साधारण २६ लाख पाकिटांतली तीन-चतुर्थांशाच्या आसपास मतं बायडन यांची निघाली, आणि शेवटी ते ८० हजारांच्या थोड्या वरच्या फरकाने जिंकले. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात पहाटे तीननंतर सुमारे १ लाख ७० हजार पाकिटांतली मतं एकदम जाहीर झाली. विस्कॉन्सिनचा अंतिम फरक होता २०,६८२. या मतांना 'रात्रीतून वाढलेली मतं' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती मतं कित्येक दिवस आधी देऊन झाली होती. पाकिटं उघडायला कायद्याने उशिरा परवानगी दिली, एवढंच.

दुसरा राग 'आगाऊ मतदानात अमुक पक्ष आघाडीवर' या मथळ्याचा. तेव्हा एकाही मताचा आकडा जाहीर झालेला नसतो. पेनसिल्व्हेनियात पाकीट परत आलं की ते नोंदणीकृत डेमोक्रॅटचं की रिपब्लिकनचं एवढं कळतं. आत कोणाच्या नावापुढे खूण आहे ते नाही. जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमध्ये तर मतदार पक्षानुसार नोंदवलेच जात नाहीत, मग ही आघाडी येते कुठून?

बहिणीला मी फोनवर विचारलं, तारीख घातलीस का? तिने घातली होती. आतलं पाकीटही बंद केलं होतं. ५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपर्यंत ते तसंच बंद राहणार होतं.