लस टोचल्यानंतरची पहिली तीस मिनिटं

पाचवीतली एक मुलगी लस टोचून उठली, चार पावलं चालली आणि शाळेच्या व्हरांड्यातच कोसळली. हातपाय दोन-तीनदा झटकले गेले. ‘फिट आली, फिट आली’ असा गलका झाला. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. सिस्टरांनी तिला सपाट झोपवलं, पायांखाली दप्तरं ठेवली आणि गर्दी मागं हटवली. मिनिटाभरात पोरीनं डोळे उघडले. तरी दुपारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लसीची रिॲक्शन’ अशी बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी लस घ्यायची होती त्यातल्या कितीतरी मुली शाळेतच आल्या नाहीत. कोल्हापुरातल्या माझ्या लेकीच्या शाळेतली ही गोष्ट. तेव्हापासून मी भेटेल त्या आईबापाला हे समजावत आलोय.

ती भोवळ लसीतल्या औषधानं आलेली नव्हती, सुईच्या धास्तीनं आली होती. भीतीनं किंवा वेदनेनं व्हेगस नावाचा मज्जातंतू चाळवला जातो. हृदयाचे ठोके मंदावतात, पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब झपकन उतरतो आणि मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं. तेवढ्यात माणूस खाली पडतो. हातपायांचे क्षणभराचे झटकेही त्यातलेच, ती मिरगी नव्हे. आडवं केलं की रक्त आपोआप मेंदूकडे येतं, म्हणून सिस्टरांनी पाय उंच केले. दहा ते एकोणीस या वयात हे सर्वांत जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांतच. एकीला पडताना पाहून रांगेतल्या दुसरीलाही घेरी येते. त्यात सकाळची शाळा, निम्मी पोरं नुसत्या चहावर आलेली. लसीच्या दिवशी पोटभर नाश्ता करून पाठवा आणि त्या दिवशी उपवास नको. खरी इजा होते ती पडताना डोकं फरशीवर आपटल्यानं. म्हणून बसवून किंवा झोपवून लस द्यायची आणि नंतर अर्धा तास तिथंच थांबवायचं.

अर्धा तास थांबवण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. तीव्र ॲलर्जी फार दुर्मीळ, साधारण दहा लाख डोसांमागे एखादी. पण ती बहुधा याच वेळात दिसते. भोवळीत चेहरा पांढराफटक पडतो, नाडी मंद होते आणि झोपवलं की बरं वाटतं. ॲलर्जीत अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, उलटी होते, नाडी जोरात धावते, आणि नुसतं झोपवून भागत नाही. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते लसीकरणाच्या जागी हाताशी आहे का, हे पालकांनी खुशाल विचारावं. विचारण्यात काही चूक नाही.

बाकीचा त्रास रोजच्यातला. दंड ठणकतो, थोडा सुजतो, कणकण येते, कधी बगलेत अवधाण येतं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी कार्यक्रमात मिळणारी टीडी लस धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांवरची आहे. तिच्यात जिवंत जंतू नसतात, फक्त त्यांचं निकामी केलेलं विष असतं. ते पाहून पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि रसायनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यानं मेंदूतलं तापमानाचं केंद्र अंग तापवतं. मोठ्या मुलांना हात फार सुजू नये म्हणून या लसीत घटसर्पाचा अंश लहान बाळांच्या लसीपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. टोचलेली जागा चोळू नका, ओला गार कपडा ठेवा. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, पण येईल या धास्तीनं आधीच देऊ नका. हात दुखत असेल तर तालमीत जाणाऱ्या पोरानं दोन दिवस जोर मारू नयेत. त्रास दोन-तीन दिवसांत ओसरला नाही किंवा ताप चढतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

मुलींसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस नऊ ते चौदा या वयात घेतलेली उत्तम, कारण या वयात प्रतिकारशक्ती जोमानं उठते. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ 2023 मध्ये बाजारात आली. या लसीबद्दल शंका आली की 2010 मधल्या, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममचा दाखला दिला जातो. तिथं आणि वडोदऱ्यात सुरू असलेला एचपीव्ही लसीचा प्रकल्प सात मुलींच्या मृत्यूनंतर थांबवला गेला. चौकशीत एक मुलगी बुडून, एक सर्पदंशानं गेल्याचं निघालं. मृत्यूंचा लसीशी संबंध लागला नाही. लसीनंतर घडलं म्हणजे लसीमुळेच घडलं, असं नसतं. पण त्याच प्रकरणात कितीतरी मुलींची संमती आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी दिल्याचं उघड झालं, आणि ती चूक मला अक्षम्य वाटते. म्हणून शाळेतून संमतीचा कागद घरी आला की दप्तर भरता भरता सही करू नका. बसून वाचा, आणि मुलीलाही वाचायला द्या.

त्या कागदावर आणखी एक ओळ लिहून पाठवा: याआधी इंजेक्शनला चक्कर आली होती का, कसली ॲलर्जी आहे का. माझ्या लेकीच्या कागदावर मी लिहिलं होतं. सिस्टरांनी तिला बाकावर आडवं करून लस दिली, आणि अर्ध्या तासानं ती दप्तराचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेऊन वर्गात गेली.